खाणीतून निघालेले सर

"गावात चिटपाखरालासुद्धा कळणार नाही, यामिनी. ते माझ्यावर सोड!" दमयंतीबाईंनी ठणकावून सांगितलं.

राजूरच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाई त्या. फळ्यापाशी कुजबुजल्या तरी शेवटच्या बाकावरचा पेंगणारा पोरगा दचकून उठायचा! पण आपण गुपित राखण्यात पटाईत आहोत, अशी त्यांची स्वतःविषयी पक्की समजूत.

गुपितही तसंच होतं. कानिफनाथच्या दगडाच्या खाणीत डायनासोरच्या मांडीचं हाड सापडलं होतं. बाईंपेक्षा लांब! त्यांची भाची यामिनी जुन्या हाडांची अभ्यासक. ती पुण्याहून धावत आली आणि ब्रशनं, सुईनं माती झाडत बसली. आता कानिफनाथची घाई सुरू झाली होती.

"बाई, आज सांजच्याला हाड हलवा. उद्या सुरुंग लावनार. खडी न्हाई पोचली, तर ठेकेदार माझीच हाडं उकरंल!"

आणि गावाला कळलं, तर हाडाला शेंदूर लागलाच म्हणून समजा! एकदा देव झाला, की त्याला हलवणार कोण?

हाड नुसतं उचललं तर खारी बिस्किटासारखा भुगा होणार. त्याला वरून प्लास्टर गुंडाळायचं होतं, आणि यामिनीचं प्लास्टर संपलेलं! बाई तडक औषधांच्या दुकानात गेल्या.

"काकासाहेब, हातपाय मोडल्यावर बांधता त्या प्लास्टरच्या पट्ट्या द्या. असतील तेवढ्या सगळ्या."

काकासाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. "कुनाला लागलं, बाई?"

"आमच्या ह्यांना. जरा पडले."

"जरा? मंग सगळ्या पट्ट्या? मोडलंय तरी कुठं कुठं?"

बाई अडखळल्या. "तसं... सगळीकडेच!"

"अरारा! अन् सर हायेत कुठं?"

"खाणीत," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

दुपारी उशिरा हाड नखशिखांत पांढरं झालं. पहारींनी हळूहळू रेटत बाजेवर सरकवलं, बाजेला बांबू बांधले. पण कानिफनाथ आणि त्याचे गडी लालबुंद झाले तरी बाज काही हलेना! जेसीबीच्या दातात द्यायची सोय नव्हती. उन्हं कलली. यामिनी रडकुंडीला आली.

एवढ्यात खाणीच्या तोंडाशी हंबरडा उठला.

"अवो सर! काय ह्ये करून घेतलं वो!"

पुढे बाईंची शेजारीण बनुबाई, मागे निम्मं गाव! कुणाच्या हातात शहाळी, कुणाच्या हातात बिस्किटांचे पुडे. बाजेवरचं पांढरं लांबलचक गाठोडं बघून सगळे थबकले.

"तोंड बी झाकलंया!" बनुबाई मटकन खालीच बसली. "गेलं गं बाई सर!"

बाईंनी तोंड उघडलं... आणि मिटलं. समोर चांगले पन्नास-साठ दणकट हात उभे होते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"उचला रे बाबांनो! जपून, धक्का लावू नका!"

"मावशी!" यामिनी किंचाळली.

"तू गप. रड!"

बाज उचलली गेली. वरात म्हणावी की अंत्ययात्रा, कळेना! माणसं आळीपाळीनं खांदा देत उताराला लागली.

"सर लई जड झालं हुतं!"

"पेन्शनीत बसून खात्यात, दुसरं काय!"

"मानूस द्येवावानी. पन पाढा चुकला की कान उपटायचा!"

उताराखाली अकोल्याची जीप थांबली. तिच्यातून बाईंचे यजमान, यज्ञेश्वर सर, उतरले. बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला देऊन आले होते. समोर अंत्ययात्रा बघून त्यांनी टोपी काढली.

"कोण गेलं रे, गहिनीनाथ?"

पुढच्या बांबूला खांदा दिलेला गहिनीनाथ मान खाली घालून मुसमुसत होता. "आपलं गनिताचं सर."

"अरेरे!" सर हळहळले, खांदा द्यायला पुढे झाले. चार पावलं चालले आणि थांबले. "पण गणिताला मीच होतो की!"

बनुबाईनं वळून बघितलं आणि अशी किंकाळी फोडली, की निम्म्यांचे हात सुटले. बाज कलंडली!

"हात सोडायचा नाही!" बाईंचा वर्गातला आवाज कडाडला. "डायनासोर आहे तो!"

सगळे त्यांचेच विद्यार्थी. हात जागच्या जागी घट्ट! हाड वाचलं, गुपित मात्र समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं.

बनुबाईनं नाक पुसलं. "म्हंजी आमी इतका येळ जनावरापायी रडलो व्हय?"

"जाऊन कोट्यवधी वर्षं झाली त्याला," यामिनी चाचरत म्हणाली.

"अन् तवापासून कुनी रडलं न्हाई त्याला? मंग बरं झालं आमी रडलो. चला रं, उचला!"

तिथून पुढे हलगी लागली. शहाळी फुटली, बिस्किटं वाटली. सरांनीही खांदा दिला, पण बनुबाईकडून सगळं कळल्यावर, ज्यानं कान उपटण्याचं काढलं होतं त्याच्या शेजारी, मुद्दाम!

पुढे यामिनीनं हाड साफ केलं, तडे भरले आणि शाळेच्या दालनात लोखंडी घोडीवर उभं केलं. मागच्या भिंतीवर बाकीचा सांगाडा रंगवला. मान भिंतीवर मावेना, म्हणून ती छतावर वळवली. पाटी लावली, लांबलचक शास्त्रीय नावाची. शेंदूर काही लागला नाही. सरांना शेंदूर कोण फासणार?

कारण नाव पडलं ते पडलंच! परवा बनुबाई सिन्नरच्या पाहुणीला दालन दाखवत होती.

"ह्ये आमचं सर. काय पाय हाय बघ!"

"अन् ते खुर्चीवर बसल्यालं टोपीवालं कोन?"

"त्ये बी सरच," बनुबाई म्हणाली. "पन त्यांच्यात काय बघायचंय!"