गिअरबॉक्सचा जबाब

वामनराव सबनिसांच्या जुन्या गाडीचा तिसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आंबोलीच्या अलीकडे बंद पडला, तेव्हा गडहिंग्लजच्या गॅरेजात त्याचा रीतसर जबाब घ्यायचं ठरलं. पहिल्या दोघांचा घेतला नव्हता, ही चूक बाबालाल मिस्त्रींनी मोकळेपणानं कबूल केली.

"सायेब, तेल बदललं, वायरिंग बघितलं, आख्खा गिअरबॉक्स दोनदा बदलला," मिस्त्री म्हणाले. "आता त्यालाच इचारूया. आधीच इचाराय पायजे हुतं."

वामनरावांनी मान डोलावली. भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, जबाब म्हटलं की त्यांना एरवी हुरूप यायचा. आज मात्र ते सारखे घड्याळ बघत होते. त्यांची मुलगी वैजयंती नवऱ्याच्या बदलीमुळे सोमवारी सावंतवाडी सोडून गुवाहाटीला जाणार होती. आज शनिवार. आठ वर्षांत बापलेकीत एक शब्द झाला नव्हता, आणि गेल्या दोन महिन्यांत तिच्याकडे निघालेली गाडी तीनदा त्याच वळणावर थांबली होती. एसटीनं जा, असं कुणी सुचवलं की वामनराव हवापाण्याचं बोलू लागत.

गिअरबॉक्स बाकावर ठेवला होता. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि सगळं गॅरेज पेंगुळल्यासारखं झालं होतं. मिस्त्रींनी चष्मा लावून वही उघडली.

"काय तरास हाय?"

"त्रास नाही," गिअरबॉक्स म्हणाला. आवाज खोल होता, तेलातून सावकाश वर आल्यासारखा. "कुठे जायचंय ते मला कुणी सांगितलेलं नाही."

मिस्त्रींनी लिहून घेतलं आणि चष्म्यावरून वामनरावांकडे पाहिलं.

वामनराव ताठ झाले. "आमच्या घरात निघताना ठिकाणाचं नाव घेत नाहीत. 'कुठे' म्हणून विचारतही नाहीत. अपशकुन होतो. फार तर 'लांब का?' म्हणायचं. आमच्या हिनं जन्मभर पाळलं."

"पाळा की," गिअरबॉक्स म्हणाला. "बाजार, पोस्ट, दवाखाना मला सवयीनं कळतं. पण लांबचं कसं कळणार? हातानं टाकायच्या गिअरला काय, चालवणारा सांगेल तसं करायचं. मला स्वतः ठरवावं लागतं. कुठे निघालोय हे माहीत नसताना चौथा टाकायचा तो कुणाच्या भरवशावर?"

"मुद्दा बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी खाली सही केली.

संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स परत बसवून झाला. रविवारी सकाळी वामनराव एकटेच निघाले. देवाला हात जोडले, फाटकाची कडी लावली, आणि इकडेतिकडे पाहून चोरट्यासारखे डॅशबोर्डकडे वाकून पुटपुटले, "सावंतवाडी." आकाश काही कोसळलं नाही. गाडी निघाली.

आजरा मागे पडला. झाडं रस्त्यावर वाकू लागली, मग धुकं आलं, आणि रस्ता, झाडं, गाडीचं स्वतःचं नाक, सगळं एकेक करून दिसेनासं झालं. ते वळण आलं तशी गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरली, पहिल्यावर आली आणि अलगद थांबली.

"सांगितलं होतं ना!" वामनराव कळवळून म्हणाले.

"सावंतवाडी हे गाव झालं," गिअरबॉक्स म्हणाला. "आपण कुठे जातोय?"

"मुलीकडे."

"ते नातं झालं. साहेब, पुढे उतार आहे. नीट सांगा."

वामनरावांनी काच खाली केली. धुकं आत येऊन शेजारच्या सीटवर बसलं. दूर कुठेतरी पाणी वाहत होतं.

"सुमन गेली," ते अखेर म्हणाले, "तेव्हा वैजू म्हणाली, आईला अग्नी मीच देणार. मी तिच्या हातातून मडकं काढून घेतलं आणि पुतण्याला दिलं. सगळ्यांदेखत. तो सुमनला वर्षातून एकदा भेटायचा. वैजूनं तिला सहा महिने घास भरवला होता." त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "मी चुकलो. ते तिला सांगायला निघालोय."

"आणि तिनं दार लावून घेतलं तर?"

"तर परत यावं लागेल."

"हरकत नाही," गिअरबॉक्स म्हणाला. "रिव्हर्स माझा पक्का आहे."

गाडी हलली. पहिला, दुसरा, तिसरा पडला, आणि मग इतक्या हळूच चौथा पडला की वामनरावांना तो फक्त तळपायांना जाणवला. घाट स्वप्नातल्यासारखा खाली खाली उतरत गेला. उन्हं आली तेव्हा ते रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

सावंतवाडीच्या अंगणात दोरीनं बांधलेली खोकी रचून ठेवली होती. वैजयंती आतून आली आणि पायरीवरच थांबली. तिचे केस कानांजवळ पिकले होते. वामनराव गाडीतून उतरले खरे, पण घाटात म्हटलेलं त्यांना इथे म्हणता येईना. बॉनेटला हात टेकून ते नुसते उभे राहिले.

वैजयंतीही त्यांच्याशी बोलली नाही. ती पायऱ्या उतरून गाडीपाशी आली, बॉनेटकडे वाकली आणि तिनं विचारलं, "जेवून आलेत का?"

"नाही," गिअरबॉक्स म्हणाला. "सकाळपासून चहासुद्धा नाही."

"वाटेत काही म्हणाले?"

"म्हणाले. पण ते त्यांचं त्यांनीच सांगायचं आहे."

वैजयंती सरळ उभी राहिली. मग खोक्यांकडे गेली, स्वयंपाकघराचं खोकं शोधून त्याची दोरी सोडली, आणि आतून एक ताट बाहेर काढलं.