कोठीच्या खोलीतील दुसऱ्या अल्बमाची हकीकत

श्रीगणेशास व कुलस्वामिनीस हात जोडून, जे डोळ्यांनी पाहिले आणि भिंतीपलीकडून ऐकिले तेवढेच लिहितो, पदरचे घालीत नाही. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीस तिघांचे राज्य आमच्या कोठीच्या खोलीत दुसऱ्या अल्बमाच्या मोहिमेस दाखल जाहले. राज्य म्हणजे रॉक बँड. राजे कौस्तुभराव दिघे, गाणार व गिटार वाजविणार. सेनापती सलीलराव तांडेल, ड्रमवाले, आमच्या कुटुंबाचे सख्खे भाचे. आणि बेस गिटारीवर जुईबाई फणसे, ज्या थोडे बोलत, आणि राज्य चाले ते त्यांच्यामुळे.

पहिली मोहीम याच खोलीत तीन वर्षांमागे जाहली होती. तेव्हा आमच्या कुटुंबाने, कुमुदिनीबाईंनी, धान्याचे डबे हलवून खोली मोकळी करून दिली आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींस घरच्या गाद्या व गोधड्या टांगिल्या. परंतु एक भिंत स्वयंपाकघराची. मिक्सर, फोडणी, भांडी, सर्व आवाज माइकात शिरे आणि होत आलेले गाणे वाया जाई. मग बाईंनी कायदा केला. सर्व तयारी उरकून कुकर गॅसवर चढविला की भिंतीवर लाटणे आपटून हाक देत, "ठेवला रे कुकर!" आणि स्वतः पाटावर स्वस्थ बसत. शिट्टीस सहा मिनिटे लागत. घरात शांतता काय ती तेवढीच, म्हणून तिघे त्या सहा मिनिटांत गाणे वाजवून मोकळे होत. आठ गाणी आठ दिवसांत आठ कुकरांवर जाहली. सलीलराव कुरकुर करीत, "मावशी, एक दिवस बाहेरून मागवू ना." बाई म्हणत, "का? माझ्या वरणात काय कमी पडलं? आटप, पाच मिनिटं राहिली."

त्याउपरि गेल्या वर्षी आश्विनात बाईंस देवाज्ञा जाहली. आम्ही स्वयंपाकघर बंद केले आणि डबा लाविला. याहून त्याविषयी लिहिणे नाही.

आता दुसऱ्या मोहिमेस राज्य आले तेव्हा तिघांच्या मनी की, या खेपेस शिट्टीचे भय नाही, हवे तितके वाजवावे. आणि वेळ तर थोडा, कारण जुईबाईंची बदली जबलपुरास जाहली होती आणि पौर्णिमेस निघणे होते. तोवर अल्बम पुरा न जाहल्यास राज्य मोडणार, हे तिघांस ठाऊक आणि आम्हांसही ठाऊक; मग कोठीत पुन्हा डबे आणि घरात पुन्हा घड्याळाची टकटक. पहिल्या दिवशी पहिले गाणे अकरा मिनिटे चालले. दुसऱ्या दिवशी तेच गाणे एकोणीस मिनिटे चालले. राजे गिटार आवरीनात आणि सेनापती शेवटचा ठोका देईनात, आणि पाचव्या दिवशीही तेच गाणे सुरू होते. मग भिंतीपलीकडून ऐकू आले ते ऐसे:

"अरे, संपव ना!"

"तू थांबलास तर संपवतो."

"मला वाटलं तू खूण देशील."

"देतच होतो. तू डोळे मिटून होतास, राजा."

जुईबाई बोलिल्या, "निरोप समारंभ झालाय या गाण्याचा. कोणी स्टेजवरून उतरतच नाही."

नवमीस तर कहर जाहला. सलीलरावांनी काठ्या फेकिल्या, आणि राजे म्हणाले, "मग शोध दुसरा गिटारवाला," आणि सेनापती म्हणाले, "शोधतो. काकांना सांगतो, गाद्या उतरवून घ्या." जुईबाई म्हणाल्या, "भांडा. मी तशीही चाललेच आहे."

त्याच दिवशी डबेवाल्या बाईंचा निरोप आला की भाचीचे लग्न, डबा नाही. तिघे उपाशी, आम्हीही उपाशी. मग वाण्याकडून डाळ-तांदूळ आणून आम्ही स्वयंपाकघर उघडिले. कुकर सापडला, झाकण सापडले, रिंग सापडेना. मांडणी पाहिली, खण पाहिले, पिठाचा डबाही पाहिला. मग आठवले आणि फ्रीझर उघडिला. सैल रिंग थंडीत आवळते म्हणून बाई ती तेथे ठेवीत. बर्फ खरवडला, खाली रिंग. ती बसवून कुकर चढविला, आणि पुढे काय करावे याचा विचार न करता हाताने लाटणे उचलिले आणि भिंतीवर आपटिले आणि तोंडून हाक गेली, "ठेवला रे कुकर!" एवढ्या मोठ्याने आम्ही वर्षभरात बोलिलो नव्हतो.

पलीकडचे भांडण अर्ध्या शब्दावर तुटले. मग काठ्यांचे चार ठोके जाहले आणि गाणे सुरू जाहले. आम्ही पाटावर बसलो, हलिलो नाही. गाणे चालले, वर गेले, आणि तिघांनी मिळून एका ठोक्यावर सोडिले. मग शांतता. मग शिट्टी.

"काका!" सलीलराव ओरडले. "किती झालं?"

"एक शिट्टी," आम्ही सांगितले.

"चार मिनिटं चाळीस सेकंद," जुईबाई बोलिल्या.

"बघ, मी थांबलो," राजे म्हणाले.

"मी थांबवलं तुला!"

"गप्प बसा दोघंही. कुकरनं थांबवलं."

मग चौघे जेवावयास बसलो. राजे म्हणाले, "काका, मीठ?" आम्ही म्हणालो, "राहिलं." सलीलराव म्हणाले, "असू दे, मावशीचंही एकदा राहिलं होतं." आम्ही म्हणालो, "कधीच नाही." ते थोडा वेळ भात कालवीत राहिले, मग म्हणाले, "हो. कधीच नाही." आणि तिघांनीही दुसऱ्यांदा वाढून घेतले.

पुढे दिवस सहा आणि गाणी आठ उरली, म्हणून दोन दिवशी दोन दोन कुकर चढविले. बटाटे शिजविले, छोले शिजविले, बीट, शेंगा, शेजाऱ्यांस वाटी वाटी पोचविली, आणि शेजारीण विचारती जाहली, "अहो, घरात कार्य आहे काय?" पौर्णिमेस सकाळी शेवटचे गाणे. जुईबाईंची रिक्षा दारात आणि आम्ही घाईत पाणी कमी घातले. शिट्टी दीड मिनिट आधी आली आणि नेमकी शेवटच्या ठोक्यावर पडली. राजे कपाळास हात लावून म्हणाले, "गेलं! परत घेऊ." जुईबाईंनी पायांत चपला चढविल्या, एका कानास हेडफोन लाविला, शेवट दोनदा ऐकिला आणि म्हणाल्या, "सुरात आहे. राहू दे." आणि रिक्षात बसल्या.

सारांश, नऊ गाणी, नऊ कुकर, आणि अल्बम माघात लोकांसमोर आला. राज्य मोडिले नाही. जुईबाई उन्हाळ्यात रजा काढून येणार आणि गाद्या भिंतीवरच आहेत. डबा आम्ही बंद केला. अल्बम ऐकावयास बसलो की शेवटच्या गाण्यास शिट्टी होते आणि आम्ही गॅस बारीक करावयास उठतो. गॅस बंदच असतो. मग उठलोच आहो तर कुकर ठेवितो. आजही ठेविला, जेविलो, आणि मग हे लिहिले. मीठ घातले होते.