सपाट जागेच्या शोधात

"या जागेला साडेतीनच तारे दिलेत लोकांनी," लॉवेलने चष्मा कपाळावर सरकवत जाहीर केलं. "साडेतीन म्हणजे काहीतरी गडबड असणार."

"आकाशातले तारे संपत आले, लॉवेल, पण तुझं काही ठरत नाही," आर्डिस म्हणाली.

नॉर्थ डकोटाहून निघालेलं त्यांचं चाकांवरचं घर डॅलसच्या उत्तरेला एका पेट्रोल पंपाच्या आवारात सकाळपासून उभं होतं. आत दोन पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं होतं. फक्त ते उभं करायला जागा नव्हती. जागा नव्हती असं नाही. डॅलसच्या उपनगरांभोवती अशा गाड्यांचे तळ हवे तेवढे होते. लॉवेलच्या पसंतीला उतरलेला एकही नव्हता, इतकंच.

आर्डिसचा जीव वरखाली होत होता. त्यांची एकुलती एक लेक कर्स्टन इथून जवळच प्लेनोला राहत होती आणि तिचे दिवस भरले होते. पहिलंच नातवंड. कर्स्टनच्या दारात गाडी लावावी, तर तिथल्या सोसायटीला दारात फुलझाडाची कुंडी चुकीच्या रंगाची ठेवलेली खपत नाही. आणि दोन गल्ल्या सोडून राहत होती कर्स्टनची सासू, लोरेटा. तिने फोनवर आमंत्रण दिलं होतं, "आमच्याकडे एक खोली आहे की! सध्या कुत्रा झोपतो तिथे, पण तुमच्यासाठी हलवू त्याला."

पाळणा लोरेटाने घेतला होता, पडदे लोरेटाने शिवले होते, बाळाचं नावही तिनेच सुचवलं होतं. आता एकच गोष्ट उरली होती. बाळाला पहिल्यांदा मांडीवर कुठली आजी घेणार? तेवढं तरी आपल्या वाट्याला यावं, म्हणून आर्डिसने सगळ्या वाटेवर मनोमन प्रार्थना केली होती. हे तिने लॉवेलला सांगितलं नव्हतं. सांगून त्याला कळलं असतं, याची तिला खात्री नव्हती.

पहिल्या तळावरच्या बाईंनी गाडी कुठल्या सालची ते विचारलं आणि दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आम्ही आत घेत नाही, असं सांगून टाकलं. लॉवेलचा जन्म शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलेला. स्वतःच्या हाताने घासूनपुसून आरशासारख्या ठेवलेल्या गाडीचा हा अपमान त्याला फार झोंबला. "माझं वय काढलं असतं तरी चाललं असतं," तो पुढचा सगळा रस्ता पुटपुटत राहिला.

दुसरा तळ कर्स्टनच्या घरापासून अगदी हाकेच्या अंतरावर होता. आर्डिसने देवाचे आभार मानले. तोवर लॉवेल खिशातून पाणपातळी, म्हणजे उतार दाखवणारी बुडबुड्याची नळी, काढून जमिनीवर ओणवा झाला होता. उठला तो मान हलवतच.

"उतार आहे."

"कुठे आहे? मला तर दिसत नाही."

"डोळ्यांना दिसत नाही गं. झोपल्यावर डोक्याला कळतो."

"अरे, आपण नातवंड बघायला आलोय! तुला तिथे बिलियर्ड खेळायचंय का?"

पण लॉवेलने गाडी सुरू केली होती. एकेक उपनगर मागे पडत गेलं, घरं विरळ झाली, गाई दिसायला लागल्या, आणि पार पलीकडे एका तळ्याकाठी लॉवेलची पाणपातळी प्रसन्न झाली. मग काय विचारता! गाडीचे पाय टेकवले, बाजूची भिंत बाहेर सरकवली, पाण्याची नळी, विजेची तार, मैलापाण्याचा पाइप, सगळं जोडून झालं. छत ताणलं. सतरंजी अंथरली. 'लॉवेल आणि आर्डिस ब्रँडव्होल्ड, सुस्वागतम' ही लाकडी पाटीही त्याने बाहेर टांगली आणि खुर्चीत बसून समाधानाने पाय पसरले.

"जागा असावी तर अशी."

"छान आहे," आर्डिस दात आवळून म्हणाली. "आता मी कर्स्टनकडे जायचं कशाने?"

लॉवेल विचारात पडला. इतर लोक मागे एखादी छोटी मोटार बांधून आणतात. पण एका घराला दोन इंजिनं कशाला, असं म्हणून त्याने आपली मोटार निघण्याआधीच पुतण्याला देऊन टाकली होती. "घरानेच जावं लागेल," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. जावई, क्ले. "आई, कळा सुरू झाल्यात. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. घाबरू नका, माझी आई आहे इथे."

हे शेवटचं वाक्य ऐकताच आर्डिस ताडकन उठली. "आवर!" ती ओरडली.

पण जोडलेलं घर असं उपटून निघता येत नाही. लॉवेलने एकेक गोष्ट ज्या क्रमाने जोडली, त्याच्या बरोबर उलट क्रमाने काढायला घेतली. गाडी हलणार हे दिसताच आसपासचे सगळे निवृत्त पुरुष खुर्च्या सोडून धावत आले. कुठलाही तळ असो, हे व्हायचंच. एक म्हणे डावीकडे घ्या, दुसरा उजवीकडे हात हलवी, तिसऱ्याला लॉवेलने टायर कुठल्या दुकानातून घेतले ते हवं होतं. लॉवेलने त्याला सविस्तर सांगितलं. आर्डिसने पाइप स्वतः गुंडाळला आणि त्यात हातांचं काय झालं ते विसरायचं ठरवलं.

हॉस्पिटलच्या पार्किंगचं छत ठेंगणं निघालं. मग गाडी आवाराच्या पार टोकाला नेऊन आडवी लावली आणि आर्डिस धावतच वर पोचली. तर नर्स म्हणाली, "नवरा आणि आणखी एकच जण. पास एकच आहे, तो दिलाय."

पास लोरेटाच्या छातीवर होता. ती दार उघडून बाहेर आली. डोळे लाल झाले होते, तरी केसांची एक बट हलली नव्हती.

"आलात का! मला वाटलं, वाटेतच कुठे तळ ठोकलात तुम्ही. कालपासून डोळा लागला नाही माझा, पहिल्या कळेपासून इथेच आहे हो."

आर्डिसला रडूच कोसळायचं बाकी होतं. ती बाहेरच्या बाकावर बसली. मागून लॉवेल आला, टोपी हातात घेऊन, नेहमीसारखा भाबडा.

"लोरेटाबाई, तुम्ही किती दमलाय! नर्स म्हणते, अजून वेळ आहे. चला खाली, आमचं घर बघा. थंडगार आहे, कॉफी आहे, आर्डिसच्या हातचा ॲपल पाय आहे."

ते घर बघून त्याला नावं ठेवायची लोरेटाची फार दिवसांची इच्छा होती. तिने पास काढून आर्डिसच्या हातात ठेवला. "जरा धरा हं. ही आलेच मी."

आर्डिस आत गेली ती कर्स्टनचा हात धरूनच उभी राहिली. आणि वेळ आहे वेळ आहे म्हणता म्हणता एकदम धावपळ सुरू झाली. डॉक्टर आल्या, नर्स "आता काही क्षणच" म्हणाली, आणि नेमका पर्समधला फोन थरथरला.

"आर्डिस, घोळ झालाय," लॉवेलचा आवाज आला. "पहारेकरी म्हणाला गाडी हलवा, म्हणून हलवली. लोरेटाबाई मागे पलंगावर झोपून गेल्या होत्या, ते माझ्या डोक्यातूनच गेलं. आम्ही हायवेवर आहोत. त्या उठल्यात." ते वेगळं सांगायची गरज नव्हती, ऐकू येत होतं. "आता कुठेतरी वळून परत येतो."

आर्डिसने कर्स्टनकडे पाहिलं. मग ती अतिशय प्रेमाने म्हणाली, "छे छे, एवढी मोठी गाडी घाईने वळवू नकोस. आधी मुक्कामाची नीट जागा शोध. आणि पहिलीच घेऊ नकोस. दोन-चार बघूनच ठरव."

फोन बंद करून तिने पर्सच्या तळाशी टाकला. तेवढ्यात बाळाचा पहिला टाहो खोलीभर घुमला. क्ले रडतरडत मागे वळला.

"माझी आई कुठाय?"

"त्या आमच्या लॉवेलबरोबर जागा बघायला गेल्यात," आर्डिस म्हणाली आणि तिने बाळासाठी दोन्ही हात पुढे केले.