चौथा कोपरा

"चौकट बाहेरून आणायची नाही. मी करणार," असं सौरभने जाहीर केलं तेव्हा रेवती मेथी निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. रविवारी सासऱ्यांचा ऐंशीवा वाढदिवस. सगळं गणगोत त्यांच्या मालाडच्या तळमजल्यावरच्या घरी जेवायला येणार होतं, आणि अख्ख्या कुटुंबाचा फोटो त्याआधी भिंतीवर लागायचा होता.

सौरभचे बाबा, धोंडिराम, तीस वर्षं गिरणीच्या सुतारखात्यात होते. आता डोळे अधू झाले होते, पण अंगठ्याचं नख अजून तिखट. सांध्यावरून ते फिरवलं की त्यांना लाकडाची कुंडली कळायची. सौरभ अंधेरीच्या एका विमा कंपनीत साहेब झाला, पण 'बरा केलंस' एवढे दोन शब्द अठ्ठेचाळीस वर्षांत त्याच्या वाट्याला आले नव्हते. दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा बाबा म्हणाले होते, "चलात," म्हणजे चालेल. ह्यांना लाकडाचीच भाषा कळते ना, मग लाकडातच बोलू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

त्याने छोटा टेबल-सॉ मागवला आणि मागच्या अंगणात मांडला. चौकटीच्या पट्ट्यांची टोकं बरोबर पंचेचाळीस अंशांत कापायची, तर त्या यंत्रावर सरकणारी प्लायवूडची एक पाटी आधी करावी लागते. तिच्यावर दोन आडव्या पट्ट्या एकमेकींना काटकोनात ठोकायच्या. सगळी मदार त्या काटकोनावर. आणि काटकोनासाठी घरात गुण्या होताच. पोलादी पात्याचा, सागवानी मुठीचा, बाबांच्या हातचा. दसऱ्याला बाबांनी तो ट्रंकेतून काढून सौरभच्या हातात ठेवला होता. त्याने तो लावला, पट्ट्या ठोकल्या, चार तुकडे कापले आणि जोडले.

तीन कोपरे गुण्यागोविंदाने नांदू लागले. चौथा मात्र रुसल्यासारखा फाकून बसला.

"यंत्रच भंगार आहे यार," सौरभ म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," रेवती म्हणाली.

त्याने यंत्राचं पातं बदललं, टोकं पुन्हा कापली. फट तशीच. लाकूड बदललं, पण गुण्या लावून पाटी पुन्हा तशीच ठोकली. फट तशीच! नव्या लाकडाचीही दर खेपेला टोकं थोडी तासली जात आणि चौकट अंगाने उतरत जाई. शुक्रवारपर्यंत ती इतकी आखडली की फोटो मावेना.

"मग फोटो थोडा कापू," सौरभ म्हणाला.

"उजव्या कडेला माझा भाऊ उभा आहे."

"चंद्रप्रकाश पूर्ण नाही गं जात. खांद्यापर्यंत राहतो."

"आणि उद्या आणखी एकदा कापलंस की?"

शनिवारी सौरभ हताश होऊन पाटीसमोर बसला. सहज म्हणून त्याने गुण्या प्लायच्या कडेला टेकवून पेन्सिलीने एक रेघ मारली. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी. दोन रेघा एकावर एक पडायला हव्यात. त्या वर जाता जाता एकमेकींपासून लांब गेल्या. या खेपेला अंगण खरंच वाकडं होतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. उलट त्याने रेघा रेवतीला दाखवल्या आणि लगेच पुसून टाकल्या.

"बाबांना सांग ना सरळ," रेवती म्हणाली.

"काय सांगू? तीस वर्षं तुम्ही वाकडा गुण्या लावत होतात? ऐंशीव्या वाढदिवसाला? अगं, त्यांच्याकडे दुसरं आहे काय अभिमान धरायला!"

तो बाजारात जाऊन नवा गुण्या घेऊन आला. पाटीवरच्या पट्ट्या सुधारल्या, शेवटचं एकदा कापलं. चारही कोपरे असे मिटले की केस आत जाईना. फोटोत चंद्रप्रकाशचा खांदाही उरला नाही.

रविवारी सकाळी बाबांनी चौकट मांडीवर घेतली. नख एका कोपऱ्यावरून फिरलं, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मग परत चौथ्यावर आलं.

"गुण्यो खयचो लावलंस?"

"तुमचाच, बाबा."

"खोटा बोला नको. त्या गुण्यान चौथो कोपरो मिटाचो नाय. गिरणीत तो खाली पडलो तेव्हापासून वाकडो आसा."

"तुम्हाला माहीत होतं?" सौरभ उडालाच. "मग दसऱ्याला मला का दिलात?"

"पुजेक दिलंय! कामाक लावूक तुका कोणी सांगल्यान? कामाचो गुण्यो मी रिटायर होताना खात्यातल्या जोडीदाराक दिलंय."

तेवढ्यात चंद्रप्रकाश मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. त्याने चौकट पाहिली, चष्मा लावून पुन्हा पाहिली.

"यात मी कुठे आहे?"

"तुमचा मागसून बघूया," बाबा म्हणाले. "आधी कोपरे बघा. माझ्या झिलान केल्यान. असो सांधो आमच्या खात्यात दोघांकच जमायचो."

चंद्रप्रकाशने वाकून कोपरे पाहिले. "झकास आहेत. पण मी?"

उत्तर द्यायला सौरभ जागेवर नव्हता. तो स्वयंपाकघरात जाऊन रेवतीला बाबांचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि पुऱ्या तळता तळता तिने ते चार वेळा ऐकून घेतलं.