आणखी काही त्रास?

सकाळी आठच्या ठोक्याला फोन वाजला आणि सावळीराम आप्पांचा चहा बशीऐवजी धोतरावर सांडला. "आला गं आला!" ते ओरडले. "घे लवकर, तुझी ताई आली!"

सुलाबाईंनी भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला. आप्पा उठून पार अंगणाच्या कडेला, गाईजवळ जाऊन उभे राहिले.

तीन आठवड्यांपूर्वी नाशिकच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आप्पांच्या छातीत स्टेंट बसवला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की रोज सकाळी फोन येईल. बोलणारी बाई नसेल, कॉम्प्युटर असेल. एआय. तो तब्येत विचारेल, उत्तरं लिहून घेईल आणि धोका वाटला तर आपण होऊन डॉक्टरांना कळवेल. सायखेड्याहून नाशिकला उठसूट चकरा नकोत म्हणून ही सोय. सातपूरच्या कंपनीत कामाला असलेल्या आणि रविवारीच घरी येणाऱ्या सुयशला, म्हणजे आप्पांच्या मुलाला, ती फार आवडली.

आप्पांना नाही आवडली. आप्पा जन्माचे भित्रे. उसात बिबट्या दिसल्याची नुसती आवई उठली तरी गावात पहिली कडी त्यांच्या दाराला लागायची. पहिल्या दिवशी फोनमधल्या गोड आवाजाने "छातीत दुखतं का?" असं विचारलं आणि त्याच क्षणी आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. "घाम येतो का?" म्हटल्यावर दरदरून घाम फुटला. "श्वास लागतो का?" हा प्रश्न पुरा व्हायच्या आत सुलाबाईंनी फोन हिसकावून घेतला, म्हणून निभावलं. तेव्हापासून आप्पांच्या तब्येतीची उत्तरं सुलाबाई देत.

"आई, हो किंवा नाही एवढंच बोलायचं," सुयशने बजावलं होतं. "ते माणूस नाहीये."

"नसंना का," सुलाबाई म्हणाल्या. "पण बोलती किती आदबीनं! तू तरी इचारतो का रोज, आई कशी हायेस म्हणून?"

सुयश फोन चार्जिंगला लावायला उठला.

अडचण शेवटच्या प्रश्नाची होती. सगळं विचारून झालं की ती फोनमधली ताई थोडं थांबायची आणि म्हणायची, "आणखी काही त्रास?" आता, शेजारणीने वाटीत काही आणून दिलं तर ती वाटी सुलाबाईंनी जन्मात कधी रिकामी परत केली नव्हती. इतक्या मायेने कुणी विचारावं आणि आपण "काही नाही" म्हणून फोन ठेवावा, हे त्यांना कसंसंच वाटे. आप्पांना तर काहीच त्रास नव्हता. मग त्या दुसऱ्यांचा सांगत.

सोमवारी शेजारची चांगुणा विरजण मागायला आली होती, तर तिचा गुडघा सांगितला. मंगळवारी सून पायलच्या सकाळच्या उलट्या सांगितल्या. ही बातमी खरं तर अजून गावात फोडायची नव्हती, पण कॉम्प्युटर कुणाला सांगायला जातोय? बुधवारी चंद्री गाईने दोन दिवसांपासून वैरणीला तोंड लावलं नव्हतं आणि रवंथही बंद होतं. तेही सांगितलं. प्रत्येक वेळी ताई म्हणे, "समजलं. नोंद घेतली." असं ऐकून घेणारं माणूस सुलाबाईंना लग्नानंतर प्रथमच भेटलं होतं.

ताईच्या वहीत मात्र नाव एकच होतं: सावळीराम.

गुरुवारी सांगायला कुणाचंच काही उरलं नव्हतं. सुलाबाई जरा अडखळल्या, पाठमोऱ्या आप्पांकडे बघितलं, आवाज खाली आणून काहीतरी बोलल्या आणि फोन ठेवला.

आणि आज शुक्रवार. आज ताईने प्रश्नच विचारले नाहीत. पलीकडून तोच गोड आवाज आला, "सावळीराम यांच्या जिवाला धोका असू शकतो. अॅम्ब्युलन्स निघाली आहे. रुग्णाला चालू देऊ नका."

सुलाबाईंच्या हातातला फोन खाली पडला. आप्पांनी गोठ्यातून विचारलं, "काय म्हनती?"

"अहो, चालू नका!" सुलाबाई किंचाळल्या. "हायेत तिथंच ऱ्हावा!"

आप्पा गाईच्या दाव्याला धरून जागच्या जागी थिजले. एक पाय शेणात होता, पण तो उचलायची छाती झाली नाही. चांगुणा धावत आली, तिच्यामागून गल्ली आली. चौघांनी आप्पांना उचलून बाजेवर ठेवलं. आठ वाजेपर्यंत दोन भाकरी खाऊन ठणठणीत असलेला माणूस सव्वाआठला पांढराफटक पडला. त्यांचे हात गार झाले, जीभ कोरडी पडली. कुणीतरी गंगेचं पाणी आणा म्हणालं. ते ऐकून आप्पांनी डोळे मिटले.

"पायल," ते पुटपुटले, "सुयशला सांग. चाळीत साठवलेला कांदा पोळ्याआधी विकू नको म्हणावं."

"आप्पा, असं काय बोलताय!" पायल रडायला लागली आणि रडता रडता तिला उलटी आली. ती मागे धावली. सासऱ्यावर एवढी माया असलेली सून गल्लीने पहिल्यांदाच पाहिली.

अॅम्ब्युलन्स आली. सुलाबाईंनी औषधांची पिशवी, फाइल, पाण्याची बाटली, चादर असं सगळं एकटीने गोळा करून धावत आणलं. गाडीत चढताना त्या मध्येच दाराला धरून थांबल्या आणि पदराने तोंड पुसलं. सगळ्यांचं लक्ष आप्पांकडे होतं. त्यांच्यामागे चांगुणाही चढली. "एकच नातेवाईक," ड्रायव्हर म्हणाला. "मी नातेवाईक नाय, शेजारीण हाय," असं म्हणून चांगुणा बसली.

नाशिक येईपर्यंत आप्पांनी सुलाबाईंचा हात सोडला नाही. त्यांना खरोखर मरणाची भीती वाटत होती. आपण गेलो तर काय, यापेक्षा आपण गेल्यावर हिला कोण बघेल, या विचाराने त्यांना हुंदका आला. "सुले, मी तुला लय त्रास दिला गं," ते म्हणाले.

"गप पडा," सुलाबाई म्हणाल्या. त्यांना जास्त बोलवत नव्हतं.

हॉस्पिटलात आप्पांच्या छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं, सोनोग्राफीसारखं काहीतरी केलं. सुयश कंपनीतून तसाच धावत आला. दीड तासाने डॉक्टर वेदिका हातात कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. सगळे उभे राहिले.

"आप्पा एकदम व्यवस्थित आहेत," त्या म्हणाल्या. "मला हेच कळत नाहीये. ही बघा कॉम्प्युटरने पाठवलेली लक्षणं. डावा गुडघा सुजलाय, जिना चढवत नाही."

"तो माझा," चांगुणा म्हणाली.

"तुमचा?"

"गुडघा माझा हाय. पन तुमाला कुनी सांगितलं?"

डॉक्टरांनी चांगुणाकडे बघितलं, मग कागदाकडे. "रोज सकाळी उलट्या, आंबट खावंसं वाटतं."

सुलाबाईंनी मान खाली घातली. "ते पायलचं. तिसरा लागलाय."

"तिसरा काय?" सुयशने विचारलं. मग त्याचं त्यालाच उमगलं आणि तो मटकन खुर्चीत बसला. पायल त्याला रविवारी सांगणार होती.

"आणि हे तर मला वाचताच येईना," डॉक्टर म्हणाल्या. "दोन दिवस अन्न नाही. रवंथ बंद?"

"चंद्री," सुलाबाई कुजबुजल्या. "पन आता खाती ती."

सुयश कपाळाला हात लावून हसायला लागला. चांगुणा हसली. आतल्या खोलीत पडद्यामागून ऐकत असलेले आप्पा तर वायरींसकट उठून बाहेर आले. मरणाच्या दारातून गाईच्या पुण्याईने परत आलेल्या माणसाचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. "बघा डॉक्टर, माजं एक बी नाय त्यात!" ते म्हणाले.

डॉक्टर वेदिका मात्र हसल्या नाहीत. "थांबा," त्या म्हणाल्या. "या तिन्हींमुळे कॉम्प्युटर अॅम्ब्युलन्स पाठवत नाही. ती कालच्या नोंदीमुळे आली; दिवसभराच्या नोंदी तो दुसऱ्या सकाळी तपासतो. पाणी भरताना छाती आवळते. डावा हात भरून येतो, जबडा दुखतो, गार घाम सुटतो. बसलं की थांबतं. आठ दिवस झाले. हे कुणाचं?"

डॉक्टरांनी कागद चांगुणापुढे धरला.

"चांगुणाबाई, तुमचं?"

"नाय बा."

"पायलचं? घरात आणखी कोण आहे?"

आप्पांनी सुलाबाईंकडे बघितलं. घरात पाणी कोण भरतं, हे त्यांना डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. सुलाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. बोट पांढरं पडलं होतं.

"सुले?"

"काल सांगायला कुनाचंच काय नव्हतं," सुलाबाई म्हणाल्या. "मग निघालं तोंडातून. तुमीच आजारी, त्यात माजं काय काडायचं?"

मघापासून आप्पा ज्याला भीती समजत होते ती भीती नव्हतीच. खरी आत्ता वाटली. त्यांनी छातीवरच्या वायरी स्वतःच्या हातांनी ओढून काढल्या आणि डॉक्टरांपुढे धरल्या. "ह्या तिला लावा," ते म्हणाले. "आधी तिला लावा."

त्याच दुपारी सुलाबाईंना स्टेंट बसला. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

घरी आल्यावर पुन्हा आठचा फोन सुरू झाला. आता वहीत नाव सुलाबाईंचं होतं.

"छातीत दुखतं का?" ताईने विचारलं.

"नाय."

"दम लागतो का?"

"नाय."

"आणखी काही त्रास?"

अख्ख्या गल्लीची दुखणी तोंडपाठ असलेल्या सुलाबाईंना स्वतःचं एकही सांगवेना. "काय नाय. बरी हाय," त्या म्हणाल्या.

गाईजवळ उभे असलेले आप्पा तरातरा आले आणि ज्या फोनला बोट लावायला घाबरत होते तोच त्यांनी हिसकावून घेतला. "ताई, ठेवू नका! खोटं बोलती ती. काल कळशी उचलली तिनं. पायऱ्या चढताना दोनदा थांबली, मी मोजत व्हतो."

"समजलं. नोंद घेतली. आणखी काही त्रास?"

आप्पांनी सुलाबाईंकडे पाठ फिरवली. मग आवाज खाली आणून बोलले. "हाय. लय भ्या वाटतं."

"समजलं. नोंद घेतली."

पंधरा दिवसांनी तपासणीला गेल्यावर डॉक्टर वेदिकांनी कागद वाचला. "सुलाबाई, सगळं छान आहे. फक्त इथे रोज एक नोंद दिसते. तुम्हाला खूप भीती वाटते का?"

सुलाबाईंनी शेजारी बसलेल्या आप्पांकडे बघितलं. आप्पा भिंतीवरचं हृदयाचं चित्र निरखत होते.

"ते माजं नाय," सुलाबाई म्हणाल्या. "ते ह्यांचं हाय. पन खोडू नका. ऱ्हाऊ द्या माज्याच नावावर."