मगरमानवाच्या पाठीवरची चेन

शहराच्या टोकाला गाड्यांसाठीचं एक उघडं थिएटर आहे. तिथे माणसं आपापल्या गाडीत बसून, काचा खाली करून, समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर सिनेमा पाहतात. दर शनिवारी संध्याकाळी तिथे एकच सिनेमा लागतो, 'मगरमानवाचा सूड'. ज्यांनी तो आईच्या मांडीवर बसून पाहिला, ते आता नातवंडांना घेऊन येतात. ही बाब बरीच वर्षं शासनाच्या निदर्शनास आली नव्हती, त्यामुळे सगळं सुरळीत चालू होतं.

सिनेमा अत्यंत वाईट आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. नायिकेला थप्पड बसण्याआधीच थपडेचा आवाज येतो. वादळात झाडं हलतात आणि त्यांच्यामागचा डोंगरही हलतो. शेवटाकडे मगरमानव दलदलीतून बाहेर येतो, गावावर चाल करून जाण्यासाठी वळतो आणि त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक लांबलचक चेन दिसते, तीही अर्धी उघडी. आतून बनियन डोकावत असतं. त्या क्षणी मैदानातली प्रत्येक गाडी हॉर्न वाजवते.

ती चेन थिएटरच्या मालकीणबाईंनी शिवली होती. सिनेमा त्यांच्या यजमानांनी काढलेला आणि मगरीच्या पोशाखात त्यांचे धाकटे दीर. यजमानांना खरोखर लोकांना घाबरवायचं होतं. पहिल्या खेळाला लोक पोट धरून हसले तेव्हा ते प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊन बसले ते जेवायलाही बाहेर येईनात. पुढच्या शनिवारी तेच लोक शेजारीपाजारी घेऊन आले, तेव्हा कुठे त्यांचा राग गेला. यजमान गेल्यानंतर बाईंना घर खायला उठायचं. पण शनिवारी ते हॉर्न वाजले की त्यांना बरं वाटायचं, हे त्या कुणापाशीही न लाजता कबूल करत.

मग शेजारच्या नव्या वसाहतीतल्या एका गृहस्थांनी हॉर्नची तक्रार केली. ध्वनिनियंत्रण खात्याने विचारलं, थिएटर बंद का करू नये? बाईंनी कळवलं, ही आमची परंपरा आहे. परंपरा म्हटल्यावर प्रकरण ध्वनीच्या हातातून निसटलं आणि संस्कृती खात्यात जाऊन पडलं. तिथे अभिरुची संवर्धन समिती नेमण्यात आली.

समितीने सिनेमा पाहिला तो सकाळी, कार्यालयात, दिवे चालू ठेवून, चहाबिस्किटं खात. चेन दिसली तेव्हा संचालकसाहेब हसले नाहीत, म्हणून कुणीच हसलं नाही. समितीचा निष्कर्ष असा: चित्रपट सदोष असूनही लोक तो वर्षानुवर्षं पाहतात. सबब, दोष काढून टाकल्यास लोक तो याहूनही अधिक पाहतील.

निष्कर्ष घेऊन संचालकसाहेब स्वतः थिएटरवर आले.

"बाई, तुमचं भाग्य उजळलं. तुमच्या सिनेमाला वारशाचा दर्जा मिळतोय. एकदा दर्जा मिळाला की हॉर्नला कायद्याने संरक्षण."

"आणि नाही घेतला तर?"

"तर मग ध्वनी खातं. सोमवारी कुलूप."

"घेतला तर काय करावं लागेल?"

"काही नाही. आम्हीच करू. थप्पड वेळेवर बसेल, डोंगर जागेवर राहील आणि ती पाठीवरची चेन खोडून तिथे खवले काढू."

"साहेब, अहो, चेन राहू द्या. लोक येतात ते तिच्यासाठीच."

"चेन हा दोष आहे, बाई. दोषाला वारसा म्हणता येत नाही."

कोपऱ्यात बसलेले दीर म्हणाले, "वहिनी, द्या संमती. थिएटरच नसलं तर चेन कुठे दाखवणार?"

बाईंनी संमती दिली.

सुधारित मगरमानव आला. नियमानुसार त्याच्याआधी संचालकसाहेबांचं चित्रित भाषण जोडण्यात आलं. ते लागलं की लोक पडद्याकडे पाठ करून भेळ खात. पहिल्या शनिवारी गाड्यांना जागा पुरेना. शेवटाकडे मगरमानव वळला. पाठीवर ओले, चकचकीत, अगदी खरे वाटणारे खवले. मैदानात चिडीचूप. दोन-चार लहान मुलांनी भोकाड पसरलं आणि त्यांच्या आया त्यांना घेऊन घरी गेल्या. यजमानांची इच्छा अखेर पूर्ण झाली होती आणि बाई प्रोजेक्टरच्या खोलीत एकट्याच रडत बसल्या होत्या.

महिनाभरात मैदान ओस पडलं. समितीने तातडीची बैठक घेतली. हॉर्न वाजवण्याची परंपरा लोप पावत असल्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त झाली आणि उत्स्फूर्त हॉर्न सक्तीचा करण्यात आला. योग्य जागी पडद्यावर 'येथे हॉर्न वाजवावा' अशी अक्षरं येऊ लागली. प्रेक्षक कमी पडत असल्याने खात्याच्या गाड्या पाठवण्यात आल्या. चालक अक्षरं दिसली की हॉर्न दाबत आणि लगेच घड्याळ बघत. तक्रार करणाऱ्या गृहस्थांना खात्याने कळवलं की हा आवाज आता गोंगाट राहिलेला नसून संस्कृती आहे.

अशाच एका शनिवारी एक भाजीवाला रस्ता चुकून टेम्पोसह मैदानात शिरला. पडद्यावर संचालकसाहेबांचं भाषण चालू होतं. भाषणाच्या शेवटी साहेब फलकाचं अनावरण करायला वळतात. वळले. त्यांच्या नव्याकोऱ्या कोटाच्या पाठीवर दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. माप आणि किंमत पडद्यावर हातभर मोठ्या अक्षरांत. 'साठ टक्के सूट' हे तर लाल शाईत.

चिठ्ठी खात्यात सगळ्यांना ठाऊक होती. चित्रीकरणाच्या वेळीही दिसली होती. पण साहेबांची चूक साहेबांना तोंडी सांगण्याची खात्यात पद्धत नाही, आणि लेखी सांगायची तर त्याला साहेबांचीच पूर्वपरवानगी लागते.

भाजीवाल्याला ही पद्धत माहीत नव्हती. त्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. मग खात्याच्या एका चालकाने दाबला. मग सगळ्यांनी, आणि या खेपेला घड्याळ कुणी पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी मैदान तुडुंब भरलं. लोक शेजारीपाजारी घेऊन आले. साहेब वळले की हॉर्न, दिवे, शिट्ट्या. भाषण संपलं की अर्धे लोक निघून जात. वरती अहवाल गेला, 'संचालकांच्या विचारांना जनतेची अभूतपूर्व दाद.' साहेबांना बढती मिळाली. त्यांनी भाषण वाढवून घेतलं आणि लोकाग्रहास्तव दोनदा वळले. कोट तोच. तो लकी आहे, असं त्यांनी घरी सांगितलं.

भाषणानंतर काय दाखवतात, हे बघायला आता खात्यातलं कुणी येत नव्हतं. बाईंनी माळ्यावरून जुनी रिळं काढली. मगरमानव वळला, बनियन डोकावलं, आणि सगळं मैदान दणाणलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांना साहेबांचीही दया आली.

"भावजी, कुणीतरी सांगायला हवं हो त्यांना. बिचाऱ्याची चिठ्ठी लोंबतेय."

"कशाला? माझी चेन उघडी होती तेव्हा मला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा शूटिंग मागितलं असतं. रीळ संपलं होतं."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं, वहिनी?"

बाई हसल्या आणि त्यांनी चहा ओतला.

तर असे हे सिनेमे टिकतात. राक्षस चांगला आहे म्हणून नव्हे. अंधारात, काचेआड बसून दुसऱ्याची पाठ बघण्यासारखं सुख नाही म्हणून. तुम्हीही मघाशी साहेबांच्या चिठ्ठीला हसलात. जरूर हसा. फक्त उद्या दाराबाहेर पडाल आणि मागून हॉर्न ऐकू येतील, तेव्हा लोक आपल्याला ओळखतात म्हणून हात हलवण्याआधी तोच हात एकदा पाठीवरून फिरवून बघा. घरच्यांना विचारू नका. त्यांना केव्हाचं दिसलंय.