जाहिरातीपुरतं बोलणं

रोज संध्याकाळी साडेसहानंतर रुवीतल्या त्या दोन खोल्यांत एक झुरळ यायचं. टाय लावलेलं, घोगऱ्या आवाजाचं. "वहिनी, मी परत येणार!" असं ओरडून ते फवाऱ्याखाली उताणं पडायचं आणि अर्ध्या मिनिटात खरोखरच परत यायचं. आखातात मराठी वाहिनीला जाहिराती मोजक्याच मिळतात. भारतात ब्रेकमध्ये आठ जाहिराती लागत असतील, तर इथे एकच झुरळ आठ वेळा मरायचं.

ओमप्रकाशला त्या झुरळाचा संताप यायचा. दिवसभर लोकांचे एसी दुरुस्त करून आल्यावर कुणी आपल्याला वहिनी म्हणावं, हे त्याला सहन होत नसे. सोनलला मात्र ते झुरळ हवं असायचं. ते आलं म्हणजे ब्रेक लागला, आणि ब्रेक लागला म्हणजे गुहागरला आईला फोन.

एरवी आईशी फोनवर बोलणं कठीणच होतं. "बरी आहेस?" "बरी." "जेवलीस?" "जेवले. ठेवते." बाबा गेल्यापासून तर ते "ठेवते" आणखी लवकर येऊ लागलं होतं. पण मालिका चार मिनिटांत पुन्हा सुरू होणार हे ठाऊक असलं की आईची जीभ सुटायची. रात्रीची न लागलेली झोप, संपलेली रक्तदाबाची गोळी, पायाची सूज, सोनलला जे काही कळलं ते ब्रेकमध्येच कळलं. अर्थात आधी जाहिरातींचा समाचार घेऊन झाल्यावर.

"तुमच्याकडे काय लागलंय?" आई विचारायची.

"झुरळ. तुमच्याकडे?"

"विम्याची. नवरा मेल्यावर पैसे मिळणार, आणि ही बया पहिल्यापासून हसतेय. लाज म्हणून नाही."

"आणि ती साबणाची?"

"ती पण आहे. नदीत नाचते. गुडघे काय चांगले आहेत मेलीचे!"

लग्नाच्या वाढदिवसाला ओमप्रकाशने सोनलला भेट दिली. महागातलं अ‍ॅप, वर्षभराचं, एकही जाहिरात नाही. केबलचा जुना डबा त्याने त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या जॅस्मिनला देऊन टाकला. ती वसईची, रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही म्हणून तिने लगेच त्याच्याबरोबर केक पाठवला.

"आता झुरळ खलास," ओमप्रकाश केक खात म्हणाला.

"अहो, पण मी आईशी कधी बोलू?"

"कधीही बोल! आता कोण अडवतंय?"

अडवणारं कुणी नव्हतं, हीच अडचण होती.

सोनल रुवीजवळच्या कुरुमच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. अंदाजावर तिचा विश्वास नव्हता. अ‍ॅपवर मालिकेचा भाग दुपारीच येतो हे लक्षात आल्यावर तिने जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर पाहिला, प्रसंग जिथे जिथे मध्येच तुटत होता ती मिनिटं लिहून घेतली आणि संध्याकाळचं वेळापत्रक बनवलं. सहा अडतीस, सहा एकोणपन्नास, सहा सत्तावन्न.

सहा अडतीसला तिने फोन लावला.

"तुमच्याकडे काय लागलंय?"

"झुरळ."

"आवाज नाही येत तो?"

सोनलने फोनवर हात धरून नवऱ्याकडे पाहिलं. ओमप्रकाश कांदा चिरत होता. त्याने जोरात नकारार्थी मान हलवली. तिने नुसतं बघत राहणं पसंत केलं. शेवटी तो पडक्या आवाजात ओरडला, "वहिनी, मी परत येणार!"

"याला सर्दी झालीय काय गं?" आई म्हणाली.

"नवीन जाहिरात आहे. थंडीतली."

चौथ्यांदा ओरडताना ओमप्रकाशला ठसका लागला. पाचव्यांदा तो वाक्यच विसरला आणि कामावर पोरांना घाई करतो तसं "वहिनी, यल्ला!" म्हणाला. आईला ती जाहिरात मुळीच आवडली नाही.

असं दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी मालिकेतली मुलगी आदल्या दिवसापासून इस्पितळात बेशुद्ध होती. सहा सत्तावन्नला आईचा आवाज जड झाला होता. "ती काही वाचत नाही बघ. तुझ्या बाबांच्या वेळीही तो डॉक्टर असाच चष्मा पुसत बाहेर आला होता."

"रडू नको गं. शेवटी तिला शुद्ध येते."

"शेवटी? शेवट व्हायचाय अजून."

मग सोनलला सगळं सांगावं लागलं. अ‍ॅप, दुपार, वेळापत्रक, आणि कांदा चिरणारं झुरळ.

"म्हणजे तुझ्याकडे ब्रेकच नाही."

"नाही."

"मग माझ्यापायी कशाला खोळंबतेस? ठेवते."

पुढचे दोन दिवस आईने फोन उचलला नाही. ओमप्रकाश न मागताच चहा करून देऊ लागला. "डबा परत मागून आणू?" त्याने विचारलं.

"केक खाल्लात ना? आता कोणत्या तोंडाने मागणार?"

तिसऱ्या दिवशी न राहवून तिने आईच्या शेजारच्या मैनाला फोन केला. "आई बरी आहे ना? माझ्यावर रुसलीय. ब्रेक लागला की तू जरा तिच्या टीव्हीजवळ जाऊन तिला फोन घ्यायला सांगशील?"

"कुठचा टीव्ही, ताई?" मैना म्हणाली.

"घरातला."

"तो गेल्या गणपतीत जळला ना! काकींनी भंगारात घातला. मालिकेत काय झालं ते मीच सकाळी पाणी भरताना सांगते त्यांना. तुम्हाला हे सांगायचं नाही म्हणाल्या. नाहीतर सोनल फोन करायची नाही."

"आणि जाहिराती?"

"त्या मी नाही सांगत बाई. त्या काकींच्या काकींनाच ठाऊक." मग ती म्हणाली, "बऱ्या आहेत. आज हळू चालतायत एवढंच."

त्या संध्याकाळी साडेसहाला सोनल जॅस्मिनच्या सोफ्यावर जाऊन बसली. "थोडा वेळ टीव्ही बघू? आवाज मोठा करून?"

"बघ की! पण ते झुरळ लागतं हं. माझं तर डोकं उठतं," जॅस्मिन म्हणाली.

"तेच बघायचंय."

पहिल्या ब्रेकला आईने फोन उचलला नाही. दुसऱ्या ब्रेकला सोनलने फोन लावून टीव्हीसमोरच धरला. बऱ्याच वेळाने रिंग थांबली. टायवालं झुरळ खणखणीत ओरडलं.

"ब्रेक लागला वाटतं," आई म्हणाली.

"हो. तुमच्याकडे?"

"इथे पण आत्ताच लागला."

"काय लागलंय?"

"नवीनच आहे. एक म्हातारी बाई दाखवलीय. न्हाणीच्या पायरीवरून घसरते."

"मग?"

"मग काय, बसून राहते तिथेच. अर्धा तास."

"कशाची जाहिरात आहे?"

"ते शेवटी सांगतात ना. मलमाची असेल."

"हाड मोडलंय का तिचं?"

"तसं वाटत नाही. मनगट सुजलंय, उजवं. भाकरी थापता येत नाही तिला."

जॅस्मिनने आवाज कमी करायला रिमोट उचलला. सोनलने हातानेच नको म्हटलं.

"आई, त्या बाईने कुणाला सांगितलं का, पडले म्हणून?"

झुरळ पाचव्यांदा उताणं पडलं.

"सांगतेय ना आत्ता," आई म्हणाली.